टायरवरचा गोल

फोटोतला गोल इतका नेटका होता की काकांनी तो दोनदा पाहिला.

थोरल्या पुतण्याने मोबाइल त्यांच्या नाकासमोर धरला होता. ट्रकचं पुढचं डावं चाक, टायरवर चिखलाचे शिंतोडे आणि त्यात पिवळ्या तेलखडूने काढलेला गोल. जिथून निघाला तिथेच येऊन मिळालेला, कुठे दबलेला नाही, कुठे फुगलेला नाही. खाली महामार्ग कार्यालयाची नोटीस होती: ‘गोलाकार खूण करणाऱ्या व्यक्तीने आज दुपारी तीन वाजता ठाण्यावर समक्ष हजर राहावे.’

“तुमचाच ना?” थोरल्याने विचारलं.

“बघू दे नीट,” म्हणत काका चष्म्यासाठी खिसे चाचपू लागले. चष्मा डोळ्यांवरच होता. ते कोणाच्या लक्षात आलं नाही असं नाही, पण कोणी हसलं नाही. एरवी या घरात एवढं पुरलं असतं.

दोन शहरांना जोडणारा हा महामार्ग डोंगराच्या माथ्यावर ज्या खिंडीतून पलीकडे उतरतो, तिथे हे ब्रेक तपासणीचं ठाणं. पुढे सव्वीस किलोमीटर नुसता उतार आणि एक्केचाळीस वळणं. भरलेली प्रत्येक गाडी इथे थांबवायची, ब्रेक तपासायचे, कसायचे, पुढच्या डाव्या टायरवर खूण करायची आणि मगच फाटक वर करायचं. काकांच्या वडिलांनी हे काम घेतलं, त्यांच्यानंतर काका आणि त्यांचे मोठे भाऊ. भाऊ गेल्याला नऊ वर्षं झाली, त्यांच्या दोन आडव्या रेघा त्यांच्याबरोबर गेल्या. आता थोरल्याची फुली, धाकट्या पुतणीचा त्रिकोण आणि काकांचा गोल. ज्याने तपासलं त्यानेच खूण करायची, हा वडिलांनी घालून दिलेला नियम. कार्यालयाने तो पुढे करारातच लिहून घेतला.

परवा सकाळी सिमेंटची एक गाडी एकोणिसाव्या वळणावर सुटली. सुटलेल्या गाड्यांसाठी तिथे वाळूचा चढ बांधलेला आहे, त्यात ती घुसली म्हणून थांबली. ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोडले. त्याआधी तिच्या पुढे कारखान्याची बस चालली होती, बेचाळीस माणसं आत. बसवाल्याने आरशात पाहून गाडी डोंगराकडे दाबली आणि ट्रक वीतभर अंतरावरून गेला. त्या ट्रकवर गोल होता.

आणि परवा सकाळी काका ठाण्यावर नव्हते.

घड्याळात दीड वाजला होता. वहिनींनी सगळ्यांना वर्कशॉपच्या मागच्या खोलीत बोलावून घेतलं होतं. एका भिंतीला जुने ब्रेक ड्रम रचलेले, दुसऱ्या भिंतीला ब्रेकच्या लायनरची खोकी. मधल्या लोखंडी खुर्चीवर त्या स्वतः. थोरला दाराला टेकून उभा होता. त्याची बायको, जी फाटक सांभाळते आणि गाड्यांची वही लिहिते, ती खोक्यावर बसली होती. धाकटी तेवढी बाहेर होती, कारण रांग लागलेली होती आणि कोणीतरी गाड्या तपासायलाच हव्या होत्या.

“परवा तुम्ही लायनर आणायला खाली गेला होतात,” थोरला म्हणाला. “काल मी ही सगळी खोकी मोजली. नवीन लायनर कुठेत?”

“मिळाले नाहीत.”

“अख्ख्या बाजारात?”

“तू माझी उलटतपासणी घेतोयस?”

“कार्यालयाचा इंजिनिअर घेणारच आहे. मी सवय करून देतोय.”

“सवय मला नको, तुला हवी.” काकांनी मोबाइल त्याच्या हातात परत कोंबला. “बोगद्याच्या नियंत्रण कक्षात मुलाखतीला बसायचंय ना तुला? अर्ज कधी टाकलास ते सांग की आईला.”

खोलीतली हवा बदलली. डोंगराच्या पोटातून बोगदा खोदला जात होता. दोन वर्षांनी तो उघडला की खिंडीत गाडी फिरकणार नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अर्जाचं मात्र वहिनींना ठाऊक नव्हतं. त्यांनी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे.

“कसला अर्ज?”

“आई, तो विषय वेगळा आहे.”

“वेगळा कसा?” काका म्हणाले. “ठाणं आज बंद पडलं तर तुझं काय बिघडतं? तू तिकडे गार खोलीत बसून पडदे बघणार. उलट ठाण्याची अब्रू गेली तर घरातलं कोणी तुला अडवणार नाही.”

“म्हणजे मी तुमचा गोल काढून गाडी सोडली? बेचाळीस माणसं मारायला?”

“तसं मी म्हटलं नाही.”

“म्हणायचं राहिलंय काय?”

“पुरे,” वहिनी म्हणाल्या. “दोघंही जरा गप्प बसा. रस्त्यावर गाड्या भांडतात तसं काय चाललंय, आधी मी, आधी मी!”

पण काकांना आता थांबायचं नव्हतं. फोटो पाहिल्यापासून त्यांच्या मनात एक गोष्ट ठाण मांडून बसली होती आणि ती ते कोणाला सांगू शकत नव्हते. असा गोल त्यांच्या हातून गेल्या दोन वर्षांत निघालेला नव्हता. कोणीतरी त्यांची खूण चोरली होती, आणि चोराचा हात धन्याच्या हातापेक्षा सरस होता.

ते सुनेकडे वळले. “परवा फाटकावर कोण होतं?”

“मीच.”

“त्या गाडीवर गोल होता.”

“होता.”

“आणि मी त्याच्या आधी तुझ्यासमोरून खाली गेलो. तूच हातात डबा दिलास.”

“दिला. वहीतही लिहिलंय, सात पन्नास, काका खाली.”

“गाडी किती वाजता सोडलीस?”

“नऊ चाळीस.”

“मग मी काय डब्यातून हात बाहेर काढून गोल मारला?”

सूनबाईने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने सासूकडे पाहिलं. काकांनी ते टिपलं. या दोघींचं सहा वर्षांत चहात साखर किती यावर एकमत झालं नव्हतं. आज मात्र त्या एकमेकींकडे अशा पाहत होत्या, जणू एकाच दोरीची दोन टोकं धरून उभ्या आहेत. थोरल्यानेही पाहिलं असावं. तो दारापासून सरळ झाला.

“तुला माहितीये कोणी काढला ते,” तो बायकोला म्हणाला.

“मला फाटकाचं माहितीये.”

“मी काय विचारतोय?”

“माझ्यावर आवाज चढवू नका. चढ रस्त्यावर भरपूर आहेत.”

वहिनींनी हात वर केला. “भावोजी, ऐका. इंजिनिअर विचारेल गोल कोणाचा. तुम्ही सांगायचं, माझा. सकाळी निघता निघता ती गाडी तपासली, खूण केली आणि मग गेलो. ड्रायव्हर खाणंपिणं करून उशिरा निघाला. झालं.”

“आणि वहीतली माझी निघायची वेळ?”

“त्या पानावर चहा सांडलाय.”

“कधी?” सूनबाईने विचारलं.

“आता सांडेल,” वहिनी म्हणाल्या.

थोरल्याला हसू आलं आणि त्याने ते खोकल्यात दडवलं. काकांना मात्र हसू आलं नाही. “तुम्ही कोणाला तरी वाचवताय, वहिनी.”

“घराला वाचवतेय.”

“घर म्हणताना माणूस असं सारखं दाराकडे बघत नाही.”

वहिनींनी नजर दारावरून काढली, पण उशीर झाला होता. दाराबाहेर फक्त गाड्या होत्या, आणि गाड्यांखाली धाकटी.

काका उठले.

बाहेर धुकं वर सरकत होतं. रांगेत अकरा गाड्या उभ्या होत्या. ड्रायव्हर लोक समोरच्या टपरीवर चहा पीत उभे होते. गाडी ठाण्याच्या ताब्यात दिली की ते तिकडे जायचे आणि खूण झाली की यायचे, ही इथली जुनी रीत. पहिल्या ट्रकच्या चाकांना लाकडी ठोकळे लावलेले होते आणि मागच्या आसाखालून दोन बूट बाहेर आले होते. ड्रमवर हातोडीचा टोला पडला, मग थोडी शांतता. आवाज ऐकून ती ड्रमला तडा आहे की नाही ते ओळखायची. हे तिला काकांनीच शिकवलं होतं.

“कोणी आहे का वर?” खालून हाक आली. “पाय द्यायला कोणी नाही इथे.”

काका केबिनमध्ये चढले. पाय ब्रेकवर ठेवला.

“दाबा.”

त्यांनी दाबला. हवेचा फुसकारा झाला.

“सोडा. काका, तुम्ही?”

“हो.”

“दाबा.”

“परवाचा गोल तुझा?”

खाली हातोडी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला. मग, “दाबूनच धरा. मी मोजतेय.”

काकांनी धरला. मांडीला रग लागेपर्यंत धरला.

“सोडा. हॉस्पिटलात काय म्हणाले?”

“कसलं हॉस्पिटल?”

“दुधाच्या गाडीतून गेलात ना. त्या ड्रायव्हरच्या पोटात दूधसुद्धा टिकत नाही, बातमी काय टिकणार? बाजार मागे टाकून तुम्ही नसांच्या डॉक्टरांकडे उतरलात. दाबा.”

काकांचा पाय आपोआप खाली गेला. उजवा हात त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवला होता. केबिनमध्ये पाहणारं कोणी नव्हतं, तरी धरला होता.

“थरथर वाढत जाईल म्हणाले,” ते म्हणाले. माणूस समोर नसून गाडीखाली असला की बोलणं सोपं जातं. “गोळ्यांनी कमी होईल, जाणार नाही.”

“सोडा. मला दोन वर्षांपासून माहितीये.”

“कसं?”

“तुम्ही कसलेले ब्रेक मी मागाहून कसते. तुम्ही हात धुवायला गेलात की.”

पुढे काचेतून त्यांना फाटक दिसत होतं आणि फाटकापलीकडे खाली कोसळल्यासारखा गेलेला रस्ता.

“कधीपासून काढतेस गोल?”

“चार वर्षं.” तिने पाठीखालची चाकांची फळी सरकवली, आता आवाज पुढच्या चाकाकडून येत होता. “मी नवीन होते. तुम्ही तापाने पडला होतात. एका गाडीवर त्रिकोण काढला तर तो ड्रायव्हर चहा पिऊन आला आणि म्हणाला, हा काय भूमितीचा पेपर आहे का? पोरीच्या खुणेवर मी उतरत नाही, काकांना बोलव. दादा दुसऱ्या गाडीखाली. मागे पंधरा गाड्या हॉर्न मारतायत. तो परत टपरीकडे वळला तसा मी त्रिकोण डिझेलच्या फडक्याने पुसला, गाडीला एक वळसा मारून आले आणि गोल काढला. तो येऊन म्हणाला, आता कसं! आणि गेला.”

“आणि मग?”

“मग काय. तपासणी तीच, हातही तोच, चित्र तेवढं बदललं. रांग पटापट सरकायला लागली. आईने एकदा पाहिलं, काही बोलली नाही. दादाच्या बायकोला तर फाटकावर दिसतंच. दाबा.”

काकांनी दाबला. संध्याकाळी वही मिटताना सूनबाई सांगायची, ‘आज काकांचे चौतीस.’ काकांना आठवायचं, आपण तर पंधरा-सोळा गाड्यांखालीच गेलो होतो. वय झालं, विसरायला होतं, असं ते मनाशी म्हणायचे आणि चहा ढवळत राहायचे. खालच्या शहरात गेलं की अनोळखी ड्रायव्हर खांद्यावर हात ठेवायचे. काकांचा गोल म्हणजे काळजी नाही, म्हणायचे. ते ऐकायला बरं वाटायचं. बरं वाटणाऱ्या गोष्टीचा हिशोब माणूस फारसा घेत नाही.

“परवा काही चुकलं का तुझं?” त्यांनी विचारलं. “मला खरं सांग.”

“नाही.”

“विचार करून सांग.”

“दोन दिवस दुसरं काय करतेय? मागचं उजवं मी कसलं होतं. बरोबर कसलं होतं.” हातोडी एकदा उगाचच वाजली. “कसलं असणार. मी कसते नेहमी.”

तिचा आवाज एवढा बारीक काकांनी कधी ऐकला नव्हता.

“आई सांगतेय तसं सांगा, काका,” ती म्हणाली. “तुमच्या नावाला ते तपासायचंसुद्धा धाडस करणार नाहीत. माझं नाव आलं तर पहिल्या ओळीतच संपेल सगळं. सोडा.”

इंजिनिअर तीनच्या आधीच आला. तरुण होता, खिशाला दोन पेनं, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडांवरून पाय टाकत आला. चहा नको म्हणाला. मागच्या खोलीत टेबलावर वही उघडीच होती आणि परवाचं पान तपकिरी होऊन फुगलं होतं. त्याने कोपरा दोन बोटांनी उचलला.

“चहा सांडला?”

“गडबडीत,” वहिनी म्हणाल्या.

“नेमका परवावर.” त्याने पान खाली सोडलं. “अजून कोमट आहे.”

धाकटी दारात येऊन उभी राहिली होती, हात पुसत. हात कधीच कोरडे झाले होते, तरी पुसत होती. थोरला एकदा तिच्याकडे, एकदा बायकोकडे पाहत होता. तो दोन आणि दोन चार करत होता, आणि बेरीज काय येते याची त्याला भीती वाटत असावी.

इंजिनिअरने फाइल उघडली. “ती गाडी आम्ही खाली नेऊन पूर्ण खोलली. लायनर ठीक. ड्रम ठीक. सहाही चाकांचे ब्रेक बरोबर कसलेले, मागचं उजवं तर मोजून घेतल्यासारखं. इतकी चोख तपासणी मी फार कमी पाहिली आहे.”

दारात फडकं खाली पडलं. उचलायला कोणी वाकलं नाही.

“मग गाडी सुटली कशी?” थोरल्याने विचारलं.

“ड्रायव्हरने न्यूट्रल टाकून सोडली होती. डिझेल वाचवायला. मग इंजिन गाडी आवरत नाही, सगळा भार ब्रेकवर. एकोणिसाव्या वळणापर्यंत ब्रेक तापून लाल झाले. कबूल केलंय त्याने. असं का केलंस विचारलं तर म्हणाला, काकांचा गोल होता ना, मग कशाला घाबरू?”

काकांनी उजवा हात टेबलाखाली घेतला.

“मी आलोय वेगळ्या कामासाठी,” इंजिनिअर म्हणाला. “बोगद्याच्या तोंडाशी नवं तपासणी केंद्र होतंय. त्याला मुख्य तपासनीस लागेल. कार्यालयाला खिंडीतलाच माणूस हवा आहे. शिफारशीत मला गोल ज्याचा आहे त्याचं नाव लिहायचंय. म्हणून समक्ष बोलावलं.”

पाच माणसं शिक्षेची वाट पाहत बसली होती. नेमणुकीसाठी त्यांच्यातल्या एकानेही तयारी केलेली नव्हती. पहिला सावरला तो थोरला.

“काकांचाच गोल,” तो म्हणाला. “आजचा नाही, तीस वर्षांचा.”

तासाभरापूर्वी काकांवर लायनरचा संशय घेणारा हाच. आणि ज्यांनी पानावर चहा ओतला त्या वहिनी आता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या.

“तसा गोल भावोजींचा आहेच,” त्या म्हणाल्या. “पण... म्हणजे बघा, अलीकडे घरात सगळेच हात लावतात...”

“आई!” थोरला म्हणाला.

“मी काही वावगं बोलले नाही.”

“आता बोलायला सुचलं होय?”

काकांनी वहिनींकडे पाहिलं. दीड वाजता मुलगी वाचवायची होती म्हणून गोल त्यांचा होता. आता मुलीचं भलं व्हायचं होतं म्हणून तो सगळ्यांचा झाला होता. त्यांना राग आला नाही. त्यांनी स्वतः चार वर्षं काय केलं होतं?

“गोल काकांचाच आहे,” दारातून धाकटी म्हणाली. ती खोटं बोलत नव्हती, एवढंच.

“मी खुणेचं विचारत नाही,” इंजिनिअर म्हणाला. त्याची नजर चहाच्या पानावरून तिच्या बोटांवर गेली. नखांच्या कडेला पिवळा रंग होता. “मी हात विचारतोय. काका, तुम्ही सांगा.”

“हात हिचा,” काका म्हणाले. “परवाचा आणि त्याआधीचे बरेचसे. चार वर्षांचे. ड्रायव्हर त्रिकोण घेत नाहीत म्हणून.”

“तुम्हाला माहीत होतं?”

इथे एक वाट मोकळी होती. नाही म्हटलं असतं तर खोलीतल्या कोणीही त्यांना खोडून काढलं नसतं. खुद्द तिनेही नाही. फसवला गेलेला म्हातारा म्हणून त्यांना सन्मानाने घरी बसता आलं असतं.

“माहीत होतं,” ते म्हणाले. “विचारलं नाही. विचारलं असतं तर थांबवावं लागलं असतं, आणि थांबवलं असतं तर माझे किती हे सगळ्यांना कळलं असतं.”

सूनबाई हळूच म्हणाली, “मी रोज आकडा मोठ्याने वाचायचे. म्हटलं कधीतरी विचारतील.”

इंजिनिअर बराच वेळ लिहीत होता. “मला दोन ओळी लिहाव्या लागतील,” तो म्हणाला. “तपासणी बिनचूक. खूण खोटी. दुसरी ओळ वाचल्यावर साहेब पहिली लक्षात ठेवतील की नाही, सांगता येत नाही. शिफारशीची जागा मी रिकामी ठेवतोय. उत्तर येईपर्यंत जो तपासेल त्याचीच खूण. गोल आजपासून बंद.”

“आणि काका?” थोरल्याने विचारलं.

“काकांचे फारसे नव्हतेच, असं त्यांनीच आता सांगितलं.”

बोलण्यात टोचणी नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

बाहेर हॉर्न सुरू झाले होते. पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर, जाड मिशांचा, कमरेवर हात ठेवून आपल्या टायरसमोर उभा होता. टायरवर ताजा त्रिकोण होता. इंजिनिअर येण्याआधी, कोणी काही सांगण्याआधीच धाकटीने तो काढून ठेवला होता. काकांना ते आता दिसलं.

“हे कोणाचं?” ड्रायव्हरने विचारलं.

“माझं,” धाकटी म्हणाली.

“काका, हे काय? मी एवढ्या वर्षांत गोलाशिवाय उतरलो नाही. परवाचं ऐकलंय मी. आज तर मुळीच उतरणार नाही. तुम्ही एक गोल मारा, मी सुटतो.”

काकांनी धाकटीपुढे हात केला. तिने तेलखडू दिला नाही. त्यांनी तो तिच्या खिशातून काढून घेतला. इंजिनिअर जीपशी थबकला. थोरला म्हणाला, “काका, नको.” पण काका टायरपुढे उकिडवे बसले आणि त्रिकोणाच्या शेजारी त्यांनी गोल काढायला घेतला. रेघ निघाली, अर्ध्यात लटपटली, खाली ओघळली आणि सुरुवातीच्या टोकाला चुकवून बाजूने निघून गेली. चेपलेल्या डब्यासारखं काहीतरी झालं. सगळ्या रांगेसमोर झालं.

“हे काय?” ड्रायव्हरने विचारलं.

“माझा गोल. दोन वर्षं झाली, असाच येतो.”

“मग माझ्या गाडीवर असायचे ते?”

काकांनी हनुवटीने धाकटीकडे दाखवलं. ड्रायव्हरने तिच्याकडे पाहिलं, काकांच्या हाताकडे पाहिलं आणि फाटकापलीकडच्या उताराकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर फसवल्या गेलेल्या माणसाचा राग होता, आणि तो रास्त होता.

“म्हणजे इतके दिवस तुम्ही सगळ्यांनी मिळून...”

“हो,” काका म्हणाले. “आता ठरव. गाडी वळवून परत जा, नाहीतर तिच्या खुणेवर उतर.”

मागून हॉर्न वाजतच होते. ड्रायव्हरने खांद्यावरचं फडकं काढलं, वाकडा गोल घासून पुसला, त्रिकोण ठेवला. मग बोट रोखून धाकटीला म्हणाला, “मागचं उजवं. माझ्यासमोर. परत बघ.”

ती गाडीखाली गेली. तो वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, ती काय करते ते शेवटपर्यंत पाहत राहिला. चहाला गेला नाही. मग चढला, दार धाडकन लावलं. सूनबाईने वहीत त्रिकोण लिहिला आणि फाटक वर केलं.

ट्रक पहिल्या गिअरमध्ये खाली लागला. इंजिन गुरगुरत होतं, कुरकुरत होतं. पहिलं वळण, दुसरं, तिसरं. गाडी दिसेनाशी झाली तरी आवाज येत राहिला, आणि एकदाही हलका झाला नाही; गिअर सुटला नव्हता.

“पायी चालणारा पुढे जाईल एवढा हळू चाललाय,” थोरला म्हणाला. “काडीचा विश्वास नाही त्याचा आपल्यावर.”

“नाही,” काका म्हणाले. त्यांनी कान अजून उताराकडेच लावला होता. “बरंय. राहू दे तसंच.”